खारीच्या पिलांचा बाप

प्रिय नाना,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होता तेव्हा लिहायचं म्हटलं तरी पत्ता कुठला घालणार होते? आज जिंतूर, उद्या सेलू, परवा कुठल्या तरी गावच्या शाळेपुढचं मैदान. आता तर पत्त्याचा प्रश्नच मिटला.

खरं तर लिहायला बसले होते दुसरंच. कचेरीचं पत्र आलं आहे. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात आपण हस्तक्षेप केलात, माईक हाती घेऊन मजुरांच्या बायकांना चिथावलंत, सात दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. मी चिथावलं, नाना! वर्गात मागच्या रांगेला माझा आवाज ऐकू येत नाही म्हणून पोरं पुढं सरकून बसतात, ती मी.

आमचे हेडमास्तर माणूस भला आहे. म्हणाले, "बाई, चारच ओळी लिहा. वडील नुकतेच वारले. मन ठिकाणावर नव्हतं. काय बोलले ते भान राहिलं नाही. पुन्हा असं होणार नाही. साहेब फाईल बंद करतील. जूनमध्ये तुम्हाला कायम करायचंय, कशाला उगी घोळ?"

मी कागद घेतला. 'वडील नुकतेच वारले' एवढं लिहिलं आणि थांबले. एवढं खरं होतं. पुढचं एकही वाक्य खरं नव्हतं. मग तो कागद बाजूला ठेवून हा घेतला. खुलासा द्यायचाच तर आधी तुम्हाला देते. तो माईक तुमचा होता.

तुम्ही गेलात त्याला आज महिना झाला. लोक विचारतात, कुठं गेले? दौऱ्यावर का? मी सांगते, नाही, घरीच गेले. हे ऐकून माणसं चकित होतात! इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा आठवड्याची रजा टाकलीत. दोन दिवस ओट्यावर बसून शेजाऱ्यांचा ट्रान्झिस्टर खोलत बसलात. तिसऱ्या दिवशी सकाळी हातात कपबशी असतानाच मान टाकलीत. माय तुमच्या उशाशी बसून म्हणाली, "येवढ्या वर्सात एकदाच निवांत टेकले बाई. आता उठा म्हनलं तरी उठनार न्हाईत." रडता रडता म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू फुटलं. मग आम्ही दोघी हसलो आणि दोघी रडलो.

पुण्यानुमोदनाला विहारात जागा पुरली नाही. वंदना झाल्यावर काका मला म्हणाले, "शांते, तू मास्तरीन. तूच बोल. आदर्श बाप होते म्हन. लेकीच्या तोंडून शोभतं." मी उभी राहिले. समोर माय बसली होती, माझ्याकडे बघत. मी म्हणाले, "मला नाही जमणार," आणि खाली बसले.

मागून एक बाई म्हणाली, "दगड हाय पोरगी." मग काकाच बोलले. नानांनी लेकराला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, संसाराला कधी डोळ्याआड केलं नाही. माय मान खाली घालून ऐकत होती. तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, रडतेय.

नाना, खरं सांगा, तुम्हाला तरी ते ऐकवलं असतं का?

तुम्ही वाईट होता असं मी म्हणत नाही. तुम्ही कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आला नाहीत. तुम्ही फक्त नसायचात. महिन्यातले वीस दिवस सरकारी प्रचाराची ती निळी गाडी, सिनेमाचं मशीन, जनरेटर, पडदा आणि तुम्ही. उरलेले दहा दिवस घरी, पण त्यातले पाच झोपलेले. माय मला सांगायची, "हळू बोल, नाना निजलेत." माझ्या लहानपणी बाप म्हणजे ज्याच्याजवळ हळू बोलायचं तो माणूस! म्हणून तर माझा आवाज असा राहिला नसेल?

मुंबई-पुण्याकडे म्हणे आता घरात टेलिव्हिजन असतो, मुलं भिंतीला टेकून चित्रांच्या गोष्टी बघतात. इकडच्या पोरांना हलत्या चित्रांची गोष्ट म्हणजे तुमची गाडी. शेतीच्या, लसीच्या, कुटुंबाच्या माहितीपटांना पोरं कंटाळायची. ती थांबायची शेवटच्या पेटीतल्या रिळींसाठी. तुमच्याकडे हाताने काढलेल्या चित्रांच्या तीन रिळी होत्या. मला तिन्ही पाठ आहेत, कारण तुम्ही घरी आलात की त्याशिवाय तुमच्याकडे बोलायला काही नसायचं.

एकीत अस्वलाचं कुटुंब होतं. तो अस्वलबाप कधी रागवत नाही, कधी दमत नाही, संध्याकाळी पाय धुऊन पिलांना अक्षरं शिकवतो. तुम्ही म्हणायचात, "हा लागला की पोरं मुतायला उठतेत." दुसऱ्या रिळीत उंदरांचा बाप, येडपट. शिडीवरून पडतो, पिंपात बुडतो, पोरं त्याला बाहेर काढतात. त्याला बघून सगळं मैदान लोळायचं. हेही तुम्हीच सांगायचात, आणि सांगताना स्वतः शिडीवरून पडल्यासारखं करायचात. ते मला आवडायचं. एवढं मात्र मान्य.

आणि तिसरी रीळ खारीची. झाडाच्या ढोलीत आई आणि तिची तीन पिलं. धाकटं पिलू डबक्यातलं पाणी पितं, आजारी पडतं, आई त्याला घुबड डॉक्टरकडे नेते, पाणी उकळून प्या असा सगळा बोध. बाप नाहीच. काढणाऱ्याने काढलाच नव्हता. पण त्याने एक चूक करून ठेवली होती. जेवणाच्या चित्रात खाणारे चौघं आणि वाट्या पाच.

ही चूक दिल्लीत कोणाला दिसली नसेल. आपल्या पोरांना पहिल्याच खेळाला दिसली! तुम्ही सांगितलं होतं, पूर्णा तालुक्यातल्या कुठल्याशा गावी एक पोर उभं राहून ओरडलं, "वो मशीनवाले, पाचवी वाटी कोनाची?" दुसरं ओरडलं, "बापाची आसंल की." मग सगळीच, "बाप कुठाय? बाप कुठाय?" दिवाळीनंतरचे दिवस. निम्म्या गावाचे बाप ऊसतोडीला गेलेले. तुम्ही मशीनचा आवाज बारीक केलात, माईक उचललात आणि म्हणालात, "गेलाय तोडीला. परवा येनार हाय. येताना गूळ आननार हाय."

पोरं शांत झाली, म्हणालात. तिथून पुढे ती रीळ तुम्ही कधी मुकाट्याने चालवली नाहीत. रिळीतल्या हिंदी बोलणाऱ्या बाईला बंद करायचं आणि सगळी खारींची भाषा आपल्याकडची करून टाकायची. 'माय, पोट दुखायलंय.' 'डबक्यातलं पानी ढोसलंस, मंग दुखंल न्हाई तर काय करंल!'

मी ते एकदाच ऐकलं. पोखर्णीला, मावशीकडे गेलो होतो तेव्हा. मी नववीत होते. गाडी आली, मैदान भरलं. तुम्हाला माहीत नव्हतं की माय आणि मी बायकांत बसलोय. तीन आठवडे तुम्ही घरी आला नव्हतात.

शेवटचं चित्र आठवतं? सूर्य बुडतोय आणि खार ढोलीतून बाहेर बघतेय. तिथे तुम्ही माईकवर बोट वाजवलंत, दार वाजवल्यासारखं. आणि म्हणालात, "आलो रं लेकरांनो! तुमचा बाप आलाय! दार उघडा!" सगळं मैदान उठलं. "उघडा! उघडा!" पाच-सहाशे पोरं गळा फाडून. आणि तिथेच रीळ संपली. पांढरा पडदा.

मी ओरडले नाही, नाना. मी मायकडे बघितलं. ती म्हणाली, "आपल्या दाराशी आसं कधी बोलले न्हाईत बाई."

तुम्ही आपल्या दाराशी कडी हळूच काढायचात. चपला हातात घेऊन आत यायचात. तो आवाज, ते 'आलो रं लेकरांनो', सगळ्या जिल्ह्याच्या लेकरांसाठी होता. तुमच्या एकुलत्या एका लेकीसाठी त्यातला अर्धा शब्द शिल्लक नव्हता?

त्या दिवशी आम्ही तुम्हाला न भेटता मावशीच्या घरी परत गेलो. हे तुम्हाला कधीच कळलं नाही. आज सांगते.

आणि सह्यांचं तर तुम्हाला माहीत आहे. प्रगतिपुस्तकावर पालकाची सही लागायची. मायचा अंगठा चालत नसे, बाई म्हणायच्या वडिलांची आण. वडील कुठून आणू? पाचवीपासून तुमची सही मीच केली. ट्रेनिंगच्या प्रवेशअर्जावरही मीच केली, नाहीतर वर्ष गेलं असतं. दोन महिन्यांनी तुम्हाला तो अर्ज दिसला. मला वाटलं, आता तरी ओरडाल! तुम्ही कागद उजेडात धरून बघितलात आणि म्हणालात, "माझ्यापरीस तुझी बरी हाय गं. पगाराच्या वक्ताला तूच येत जा." मी हसले. नंतर न्हाणीत जाऊन रडले. मला मार हवा होता, नाना. मार द्यायला तरी माणूस समोर लागतो.

नोकरी लागल्यावर एकदा मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही मशीनची काच पुसत होता. मी म्हणाले, "नाना, त्या खारीच्या बापाला परवा येणार, परवा येणार का म्हणता? खोटं आहे ते. माझ्या वर्गात पोरं परवा मोजतात."

तुम्ही म्हणालात, "अगं, पोरं झोपाया पायजेत. खरं सांगून मी गाडीत बसून जाईन. रातभर त्या माउल्यांनी काय करावं?"

मी म्हणाले, "आणि आमच्या मायने काय केलं?"

तुम्ही काच पुसत राहिलात. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

आता खुलासा.

गेल्या पंधरवड्यात तुमची गाडी माझ्या शाळेवर आली. चुडाव्याला रेल्वेतून उतरून तीन कोस आत माझं गाव, तुम्ही एकदाच आला होता तिथे, दोन वर्षांपूर्वी. त्यानंतर पहिल्यांदाच. नवा ऑपरेटर, लातूरकडचा. मला बघून उठून उभा राहिला. "तुमी नानांच्या ना? लय शिकवलं त्यांनी मला." दिवेलागणीनंतर खेळ सुरू झाला. लसीचं झालं, खताचं झालं. मग खारीची रीळ लागली आणि पोरं सावरून बसली. दोन वर्षं ती त्या आवाजाची वाट बघत होती.

आवाज आला हिंदीत. कुणी बाई गोड गोड बोलत होती. पोरं थोडा वेळ ऐकत राहिली. मग चुळबूळ. वाट्यांचं चित्र आलं तेव्हा एकजण ओरडला, "बाप कुठाय?" ती बाई आपली हिंदीतच बोलत राहिली.

माझ्याजवळ दुसरीतली रुख्मी बसली होती. हिचा बाप मागल्याच्या मागल्या साली तोडीला गेला तो आलाच नाही. आई त्याआधीच गेलेली. पोरगी आजीजवळ असते. तिने माझा पदर ओढला.

"बाई, ह्यांचा बाप कामून बोलंना?"

"बोलेल," मी म्हणाले.

ती म्हणाली, "बाई, त्यो बी मेला का?"

त्यो बी! गावाला माहीत होतं ना, बाईंचे वडील वारले म्हणून. तिने दोन बाप एका ओळीत बसवले. मला वाटतं तिने तिसराही बसवला होता, फक्त बोलली नाही.

मी उठले. मशीनजवळ गेले. ऑपरेटर म्हणाला, "म्याडम, वरून ताकीद हाय. सरकारी फिलमवर आपलं बोलायचं न्हाई. नानाला तर तीन मेमो होते त्यापायी. तुमाला म्हाईत न्हाई?"

तीन मेमो! घरी तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. मी विचारलं, "मग त्यांनी काय खुलासा दिला?"

तो हसला. "कसला खुलासा! मेमो आला की ते दौऱ्यावर. दुसरा आला की दुसऱ्या तालुक्यात. सायेब बदलून गेले, पर नाना काय घावले न्हाईत."

कचेरीलाही तुम्ही आमच्यासारखंच वागवलंत म्हणायचं! त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला, आणि इतका अभिमान वाटला, की दोन्ही एकाच घासात गिळावे लागले. मी म्हणाले, "ताकीद तुम्हाला आहे. मला नाही." आवाजाचं बटण कुठलं ते मला माहीत होतं. ते मी डावीकडे फिरवलं आणि माईक घेतला.

मी भानावर होते. हे मुद्दाम लिहिते.

शेवटचं चित्र लागलं. खार ढोलीतून बाहेर बघतेय. पोरं 'उघडा' ओरडायला तोंडं उघडून बसली होती. मला तुमचं वाक्य पाठ होतं. मी ते म्हणू शकले असते. सगळं मैदान खूश झालं असतं, मला कोणी मेमो पाठवला नसता. रुख्मी घरी जाऊन झोपली असती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दाराकडे बघत उठली असती.

मी म्हणाले, "बाप आला नाही." भोंग्यातून माझा आवाज बाहेर आला तेव्हा माझा मलाच ओळखू आला नाही. "परवा येतो म्हणाला होता. आला नाही. कधी येईल ते पिलांच्या मायलाही माहीत नाही, मलाही नाही. तुम्हाला त्याला काय सांगायचंय? मोठ्याने सांगा."

रीळ संपली. पडदा पांढरा झाला. मला वाटलं, केलं काय हे मी!

मग मधूनच एक बारीक आवाज आला, "लबाड हाय म्हनावं!"

"आमची शेळी व्याली म्हनावं. दोन पिल्लं!"

"गूळ नगं, तूच ये म्हनावं!"

"मला बाराचा पाडा येतो!"

"येत न्हाई बाई त्याला, खोटं बोलायलाय!"

पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून पोरं ओरडत होती, एकमेकांना ढकलत, हसत. आणि मागे बायका बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. त्यातली एक उभी राहिली. "चिठ्ठी तरी टाक म्हनावं! का हात बी तोडून दिलास उसासंगं?" बायका खदखदल्या. दुसरी म्हणाली, "माय आजारी हाय म्हनावं." या वेळी कोणी हसलं नाही.

गावचा मुकादम तोडीला आणखी माणसं न्यायला आला होता. सगळ्यांच्या पुढे खाट टाकून बसला होता. रुख्मीची आजी काठी टेकत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू तर हितं बसून शिनेमा बघायलायस. माझं लेकरू कुठं ठुलंस?"

"म्हातारे, त्यो दुसऱ्या टोळीत गेला. मला काय म्हाईत?"

"नेलं तूच व्हतंस. मी मेल्यावर सांगनार हायेस का?"

बायका खाटेभोवती गोळा झाल्या. कोणी हात लावला नाही, कोणी शिवी दिली नाही. नुसतं विचारत होत्या. कोणत्या कारखान्यावर? कोणत्या गावाजवळ? चिठ्ठी कोणत्या पत्त्यावर टाकायची? मुकादम उठून निघून गेला. खाट तिथेच राहिली. तिसऱ्या दिवशी त्याची तक्रार कचेरीत पोचली.

हा झाला माझा हस्तक्षेप. यात मी कुठं भान सोडलं, सांगा?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बायका पोस्टकार्डं घेऊन आल्या. मी तेव्हापासून तेच करतेय. पत्ता लिहायची जागा कोरी ठेवून पत्रं लिहितेय. रुख्मीचं काल लिहिलं. मी विचारलं, "तीर्थरूप बाबांना, असं लिहू?"

"न्हाई. आदी त्यो येऊ द्या."

"मग काय लिहू?"

तिने कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं. "लिवा, मी रुख्मी. वळखतूस का?"

ते कार्ड माझ्यासमोर आहे. एवढंच लिहिलंय त्यावर. पुढचं काही तिने सांगितलं नाही, आणि मी माझ्या मनाचं घातलं नाही.

नाना, मला आता कळतं की तुम्ही पोरांना झोपवत होता. पण मी त्यांना सकाळी उठवणारी बाई आहे. सकाळी हजेरी घेते तेव्हा माझ्यासमोर ती न आलेली परवाची तोंडं असतात. तुम्ही खेळ संपवून गाडीत बसून गेलात, मी तिथेच राहते. हाच तुमच्यात आणि माझ्यात फरक आहे. आणि तो मी कोणासाठीही झाकणार नाही, काकांसाठी नाही, साहेबांसाठी नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही.

कोणी म्हणतं, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. मग कधी बोलायचं? तुम्ही जिवंतपणी घावला असता तर तोंडावर बोलले असते!

तुमच्यावर माया नव्हती असं समजू नका. माया नसती तर तुमच्या मरणाची सबब करून मी केव्हाच सुटले असते. किती सोपं होतं. वडील वारले, भान नव्हतं, माफी असावी. आयुष्यभर तुम्ही आमच्या उपयोगी पडला नाहीत, एकदा मेल्यावर तरी पडला असतात! पण नाही. तुमच्या मरणावर माझं दुःख आहे. ते साहेबांच्या फाईलला लावायला मी देणार नाही.

माय आता माझ्याजवळच असते. चुलीजवळून विचारतेय, "झालं का लिहून?" तिला वाटतं मी माफीनामा लिहितेय. काल मी तिला सगळं सांगितलं, तीन मेमोंचंही. तिने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "नोकरी गेली तर जाऊ दे बाई. आपन दोघी काय उपाशी मरत न्हाई. पर त्यांच्यावानी पळू नको." चोवीस वर्षांचा संसार केला तुमच्याबरोबर, आणि तक्रारीचं हे एकच वाक्य माझ्या कानावर आलं. तेही तुम्ही गेल्यावर.

तर खुलासा मी असा देणार आहे. दिनांक, वेळ, ठिकाण. मी पूर्ण भानावर होते. मुलांनी एक प्रश्न विचारला, मी त्याचं खरं उत्तर दिलं. बायकांनी पत्ता विचारला, तो त्यांना अजून मिळालेला नाही. तो मिळवून देण्याची व्यवस्था व्हावी, ही विनंती. उद्या हेडमास्तरांच्या हातात देईन. ते कपाळाला हात लावतील, पण वर पाठवतील, एवढा भरवसा आहे.

आणि तुम्हाला शब्द देते. रविवारी मी रुख्मीच्या आजीला घेऊन मुकादमाच्या ओट्यावर जाऊन बसणार आहे. तो घरी नसेल तर येईपर्यंत बसेन. त्याने पत्ता दिला नाही तर शिमग्याच्या सुट्टीत आम्ही तिघी, आजी, रुख्मी आणि मी, एकेक कारखाना पालथा घालू. तिचा बाप सापडेलच असं मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण त्याला शोधायला कोणीतरी निघालं होतं, एवढं त्या पोरीला आयुष्यभर माहीत असेल.

तुमची लेक,
शांता